वाटणीबाहेरची फौंड्री

प्रथम तारखा. तिथ्याच देतो, कारण ज्यांच्याविरुद्ध हे लेखन आहे ते इंग्रजी कॅलेंडर फक्त कर भरताना पाहतात. बाकी सारे पंचांगावर चालते.

गुढीपाडवा. उचगावच्या वाघवेकर फौंड्रीतील मुख्य भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून पाणी झिरपत असल्याचे फोरमन मगदूम यांनी दोन्ही मालकांच्या कार्यालयांना कळविले. त्याच दिवशी थोरले मालक आबासाहेब वाघवेकर यांनी कारखान्याच्या भोगवटादार पदावरून आपले नाव काढून घेतले. जबाबदार: आबासाहेब.

अक्षय तृतीया. धाकटे मालक बापूसाहेब वाघवेकर यांच्या कार्यालयाने उत्तर दिले, की दसऱ्यापर्यंत कारखाना त्यांच्याकडे येत नाही. जबाबदार: बापूसाहेब.

वटपौर्णिमा. झिरप वाढली. मगदूमांनी भट्टी बंद केली. येथे जबाबदार कोणी नाही. हा एकच निर्णय वेळेवर व शुद्धीवर राहून घेतला गेला.

नागपंचमी. मी दोन्ही बंधूंना रजिस्टर्ड पत्रे पाठविली.

गणेश चतुर्थी. पत्रांच्या पोचपावत्या आल्या. उत्तरे आली नाहीत. दोन्हीकडून मोदकांचे डबे मात्र आले. जबाबदार: दोघेही.

मोदक उत्तम होते. ते उत्तर नव्हते, हे येथे नोंदवून पुढे जातो.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला तो वेगळा होता. कोल्हापुरातला एक लोखंडाचा कारखाना वाढत वाढत वाहतूक, तांदूळ, रुग्णालय, यंत्रमाग आणि सौरऊर्जा असा पसरला कसा, हे आतून पाहिलेल्या माणसाने सांगावे, अशी त्यांची इच्छा. मी वाघवेकर उद्योगसमूहाच्या विधी विभागात उभा जन्म काढला, तेव्हा सांगण्याचा अधिकार मला आहे. परंतु समूह कसा वाढला हे सांगताना त्याची पहिली भट्टी थंड कशी पडली हे गाळले, तर ती अर्धी साक्ष होईल, आणि अर्धी साक्ष ही खोट्या साक्षीची सख्खी बहीण असते.

माझे काम काय होते ते आधी सांगतो. कंपनी हा कायद्याने निर्माण केलेला माणूस आहे. खऱ्या माणसाला वाटेल तो धंदा करता येतो; कंपनीला तसे करता येत नाही. तिच्या जन्मावेळी एक घटनापत्रक लिहावे लागते आणि त्यात उद्देशाचे कलम असते: ही कंपनी अमुक करण्यासाठी जन्मली. त्या कलमाबाहेरचे काही करायचे तर आधी कलम बदलावे लागते. मूळ धंद्याला लागणारा जोडधंदा चालतो. पण तो मूळ धंद्याच्या पदराला बांधलेला असला पाहिजे. पदर सोडून तो आपला आपण चालू लागला, की त्याच्यासाठी वेगळे कलम, पुढे वेगळी कंपनी. समूहाच्या प्रत्येक नव्या धंद्याची बारशाची घुगरी मी खाल्ली आहे, आणि पाळण्यात नाव मी घातले आहे.

समूहाचे संस्थापक आण्णासाहेब वाघवेकर यांना सगळे आण्णा म्हणत. शाहूपुरीत एका पत्र्याच्या शेडमध्ये गुळाच्या गुऱ्हाळांसाठी ऊस गाळण्याच्या चरकांचे सुटे भाग ओतण्यापासून त्यांनी सुरुवात केली. जागा अपुरी पडली तेव्हा फौंड्री उचगावला नेली. मूळ कंपनीचे उद्देशाचे कलम त्यांनी स्वतः सांगून लिहवून घेतले होते: लोखंड वितळवून उपयोगी वस्तू ओतणे, विकणे, आणि त्यासाठी जे जे लागेल ते करणे.

मी नोकरीसाठी गेलो तेव्हा ते साच्याच्या वाळूत हात घालून ओल पाहत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वकील दोन जातीचं असत्यात. एक सांगतोय 'जमणार न्हाय'. दुसरा सांगतोय 'कसं जमंल'. तुमी कुठलं?"

"तिसऱ्या जातीचा," मी म्हणालो. "कुठे जमणार नाही ते आधी सांगतो, आणि कसे जमेल ते नंतर."

"म्हंजे दोघांचं काम एकटा करणार. पगार एकाचाच मिळंल बगा."

तो तसाच मिळाला. तक्रार नाही.

उद्योगसमूह वाढतो तो महत्त्वाकांक्षेने, असे व्यवस्थापनाच्या पुस्तकांत लिहिलेले असते. मला तसे दिसले नाही. मला दिसले ते अडणे. ओतकामाला लागणारी वाळू कोकणातून घाट चढून येई. पावसाळ्यात घाट बंद झाला की वाळू नाही, वाळू नाही म्हणून साचे नाहीत, आणि वितळलेले लोखंड काही कोणासाठी थांबत नाही. एका पावसाळ्यात साचे घालणारे मोल्डर हातावर हात धरून बसले, तेव्हा आण्णांनी मला बोलावले.

"वाळू आणाय गाडी लागती का न्हाय?"

"लागते."

"मग 'जे जे लागेल' त्यात गाडी बसली. लिवा."

गाड्या बसल्या. पावसाळ्याआधी वाळूचे ढीग रचून ठेवण्याची व्यवस्था झाली. पण कोकणात जाताना गाड्या रिकाम्या जात, आणि रिकामी धावणारी गाडी पाहिली की आण्णांना उपाशी बैल पाहिल्यासारखे होई. जाताना गूळ जाऊ लागला, मग कांदा, मग कौले. वर्षभरात वाळूपेक्षा इतर माल जास्त झाला. मी फाईल घेऊन उभा राहिलो. "आण्णा, वाळूची गाडी गूळ वाहते, तोवर चालते. आता गुळाची गाडी वाळू वाहते आहे. याला वेगळे कलम लागेल." ते खूष झाले. त्यांना कायदा अडथळा वाटत नसे; ओतकामाच्या साच्यासारखा वाटे. साच्याशिवाय लोखंड नुसते जमिनीवर सांडते, हे ते जाणत होते. वाहतूक कंपनी अशी जन्मली.

तांदळाची गोष्ट याहून विचित्र आहे. शाहूवाडीकडचे एक भातगिरणीवाले एस.टी.ने आले. घोंगडीत गुंडाळलेला, भात कांडण्याच्या यंत्राचा मोडका ओतीव भाग त्यांनी थेट माझ्या टेबलावर आदळला.

"पावणं, हे कुणाला दावायचं?"

"विक्री विभाग पलीकडे. हा विधी विभाग."

"विधी म्हंजे कायदाच की? माझ्यावर अन्याय झालाय. मग हितंच बसतो." आणि ते बसले. दर हंगामात तोच भाग मोडतो, दर वेळी नवा नेतात, तोही मोडतो. तेव्हा फौंड्री ओतकामात लबाडी करते, असा त्यांचा आरोप होता. मी वादीचे म्हणणे रीतसर ऐकून घेत असताना आण्णा आले. दुसऱ्या कोणी मालकाने नवा भाग देऊन पाहुण्याला वाटेला लावले असते. आण्णांनी मोडलेली कड बोटाने चाचपली आणि विचारले, "मोडताना आवाज कसा येतोय? कडकन का दाबून?"

पाहुणे गोंधळले. "मला काय म्हायती? मी काय कान लावून बसतोय व्हय?"

"मग उद्या मी येतो कान लावाय."

आणि ते खरोखर गेले. वाळूच्या गाडीतून, सोबत साचे करणाऱ्या सुताराला घेऊन. मलाही नेले, "तक्रार तुमच्याकडंच नोंदलीया" म्हणून. दिवसभर गिरणीत उभे राहून त्यांनी ऐकले. संध्याकाळी सुपातले भात ओंजळीत घेऊन दाखविले: खळ्यावरचे खडे त्यात होते. लोखंड नव्हे, खडे मोडत होते. गिरणीवाल्यांनी न्यायाने मान डोलावली, पण हार मानली नाही. "मग खडं काढायचं यंत्र तुमीच करा. न्हायतर गिरणच घ्या माझी, मला वीट आलाय."

आण्णांनी आधी यंत्र केले, पुढे गिरणीही घेतली. मी म्हटले, "आण्णा, भात वितळत नाही. हे कोणत्याही वाटेने ओतकामात बसत नाही." ते म्हणाले, "भात न्हाय हो, भूक लागली की माणूस वितळतंय. नवं कलम लिवा." मी लिहिले. पुढे त्या गिरणीच्या शेजारी दुसरी, तिसरी झाली, आणि समूहाचा तांदूळ पुण्यामुंबईच्या दुकानांत दिसू लागला.

रुग्णालयाचा उगम मात्र हसण्याजोगा नाही. साच्याची वाळू ओली राहिली आणि त्यात लोखंडाचा तापलेला रस पडला, की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळतो. एकदा तसा उसळलेला रस मगदूमांच्या हातावर पडला. यल्लाप्पा मगदूम हे सीमेकडचे, घरात कानडी बोलणारे, त्या वेळचे तरुण मोल्डर. आजचे फोरमन तेच. त्यांना वाळूच्याच गाडीतून गावात नेले. भाजलेल्या माणसाला वेगळी खोली लागते, वेगळी निगा लागते, हे त्या दिवशी आम्हांला ठिकठिकाणच्या दारांत उभे राहून कळले. आण्णा त्यांच्या उशाशी बसून होते. मगदूमांच्या आईने, ज्यांना ते अव्वा म्हणत, आण्णांना तोंडावर ऐकविले, "लोखंडाला एवढी मोठी भट्टी बांधलासा, माणसाला एक खोली न्हाय व्हय?"

परतल्यावर फौंड्रीच्या फाटकाजवळ खोली झाली, परिचारिका आली, मग डॉक्टर. शेजारच्या कारखान्यांतलेही भाजलेले लोक येऊ लागले. मग बाळंतिणी येऊ लागल्या, कारण दार उघडे असलेल्या ठिकाणी माणूस येतोच. आज त्या रुग्णालयाची काचेची इमारत हमरस्त्यावरून दिसते. मगदूम तिच्याकडे पाहून हात वर करतात आणि नव्या माणसांना सांगतात, "ह्यो दवाखाना ह्या हातावर बांधलाय. बिल दिलं न्हाय तरी चालतंय मला." बिल ते नियमाने देतात.

यंत्रमाग आणि सौरऊर्जेच्या हकिकती याच जातीच्या आहेत. काहीतरी अडले, आण्णांनी कारण विचारले, आणि जे अडले ते आपले काम समजले. त्यांचा एकच नियम मला सूत्ररूपाने सांगता येतो: जे नडते ते आपले. यावर समूह उभा राहिला. सल्लागार मंडळी याला वैविध्यीकरण म्हणतात आणि रंगीत आलेख काढतात. आलेख मी पाहिले आहेत. त्यात खडे नाहीत, आणि अव्वाही नाही.

आता वाटणी.

आण्णा गेल्यावर काही काळाने दोन्ही मुलांनी वेगळे व्हायचे ठरविले. भांडण नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. आण्णांच्या पत्नी, आक्कासाहेब, तेव्हा हयात होत्या. मुंबईच्या सल्लागारांनी मूल्यांकनाचे जाड बाड आणले होते. आक्कांनी ते बाजूला सारायला लावले. "आमच्यात थोरल्यानं वाटं पाडायचं, धाकट्यानं आदी उचलायचं. हेच्यापरीस मोठा हिसाब कुठला?"

ही आपल्याकडची जुनी रीत बहुतेकांना माहीत असेल. वाटे पाडणाऱ्याला उचलण्याचा पहिला हक्क नाही, म्हणून तो वाटे सारखेच पाडतो. मी कायद्याचा माणूस. इतके निर्दोष कलम मला आयुष्यात लिहिता आले नाही. घराच्या सोप्यात दोन घोंगड्या अंथरल्या. आबासाहेबांनी प्रत्येक धंद्याची एकेक खूण मांडली: वाहतुकीसाठी गाडीची किल्ली, गिरण्यांसाठी तांदळाची वाटी, रुग्णालयासाठी डॉक्टरांच्या गळ्यातली नळी, मागासाठी धोटा, सौरऊर्जेसाठी तळहाताएवढे काळे तावदान. प्रत्येक खूण ते एका घोंगडीवरून उचलून दुसरीवर ठेवत, पुन्हा परत आणत. घाम फुटला होता. इतका न्याय करताना मी कोणाला पाहिलेले नाही.

शेवटी राहिली फौंड्री. तिच्यासाठी आण्णांची रस ओतण्याची जुनी पळी आणली होती. आबासाहेबांनी ती आधी उजवीकडे ठेवली, मग डावीकडे. आक्का उठल्या, पळी उचलली आणि आत देवघरात नेऊन ठेवली. बाहेर येऊन म्हणाल्या, "देवघर वाटत न्हाईत. फौंड्री दोघांची. सालासालानं पाळी करा."

दोन्ही भाऊ रडले. सल्लागारही, मला वाटते, थोडे रडले. मी रडलो नाही, कारण मला कायदा आठवत होता. हिंदू कायद्यात वारसांमध्ये पूजेची पाळी फिरते, आणि न्यायालयांनी ती मानलेली आहे. परंतु देवाला वेटोळे नसते, देवातून पाणी झिरपत नाही. मी म्हणालो, "आक्कासाहेब, फौंड्रीही वाट्यात घाला. नपेक्षा पाळीचे साल कधी सुरू, कधी संपते, दुरुस्ती कोणी करायची, हे चार ओळींत लिहून घ्या."

"वकीलसाहेब, भावाभावांत लिवायचं म्हंजे भांडान आवतान दिऊन बलवायचं."

"न लिहिले तर ते आवतणाशिवाय येते."

"तुमचं त्वांड लईच कडू बगा," आक्का म्हणाल्या, आणि मला पुरणपोळीवर जास्तीचे तूप वाढायला सांगितले. विषय संपला. बापूसाहेबांनी आधी उचलली ती रुग्णालय आणि सौरऊर्जेची घोंगडी; गाड्या, गिरण्या आणि माग आबासाहेबांकडे राहिले. दोघेही आपापल्या वाट्यावर समाधानी होते आणि आजही आहेत. अनाथ झाले ते एकच, ज्याच्यावर दोघांची भक्ती होती.

परदेशी माणसाला हे समजावून सांगता येणार नाही. मालमत्तेवरून भाऊ भांडतात, हे जगभर घडते. येथे कोणी काही बळकावले नाही. येथे श्रद्धेने हात मागे घेतला गेला. आबासाहेबांच्या आणि बापूसाहेबांच्या कार्यालयांत दारासमोर एकच मोठे छायाचित्र लावलेले आहे: आण्णा पळीने रस ओतताहेत. दोन्ही समूहांच्या माहितीपुस्तिकांचे पहिले पानही तेच. त्या छायाचित्रातल्या भट्टीची जबाबदारी मात्र कोणत्याही पानावर नाही.

पाळी पुष्कळ वर्षे चालली. ज्याची पाळी तो भोगवटादार. हा शब्द समजून घ्यावा. कारखाना कायद्याप्रमाणे प्रत्येक कारखान्याला एक भोगवटादार असावा लागतो, म्हणजे ज्याच्या हाती कारखान्याचा अखेरचा ताबा आहे असा माणूस; कंपनी असेल तर तिच्या संचालकांपैकी एक. कामगारांच्या जिवाची जबाबदारी कायदा त्याच्याकडून मागतो. फाटकावर पहारेकरी असतो, आत फोरमन असतो, पण भोगवटादार नसेल तर आत काम करणाऱ्याचा जीव कायद्याच्या भाषेत बेवारस असतो.

गफलत कुठे होती हे मला निवृत्तीनंतर, याच वर्षी कळले. आबासाहेब साल मोजतात पाडव्यापासून. बापूसाहेब मोजतात दसऱ्यापासून. त्यामुळे एका वर्षी पाडवा ते दसरा दोघेही म्हणतात, फौंड्री माझी. दोघेही पेढे पाठवितात, दोघेही फेरी मारतात. त्याच्या पुढल्या वर्षी पाडवा ते दसरा दोघेही म्हणतात, फौंड्री त्याची. एका आड एका वर्षी कारखान्याला दोन मालक आणि एका आड एका वर्षी एकही नाही. इतकी वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नाही, याचे कारण एवढेच, की बेवारस अर्धवर्षात आजवर काही मोठे मोडले नव्हते. यंदा मोडले.

भट्टीबद्दल दोन शब्द. आजची भट्टी विजेवर चालते. रस ज्या पात्रात असतो त्याला आतून अस्तर असते आणि बाहेरून तांब्याचे पोकळ वेटोळे. त्या वेटोळ्यातून वीज जाते आणि ते वितळू नये म्हणून पाणीही जाते. अस्तर मगदूम वरचेवर बदलतात. ते त्यांच्या अधिकारात आहे. वेटोळे बदलणे हा मालकाचा निर्णय. झिरपणारे पाणी जर रसाला भेटले, तर काय होते ते मगदूमांच्या हातावर लिहिलेले आहे, आणि भट्टीच्या मापाने पाहता तो हात म्हणजे एक थेंब.

पत्रांना उत्तर न आल्याने मी स्वतः गेलो. आधी शाहूपुरीला, आबासाहेबांकडे. त्यांनी उठून माझे स्वागत केले, चहा मागविला.

"साल कधी बदलतं हो वकीलसाहेब? पाडव्याला. शाळंतलं पोरगंबी सांगंल. माझी पाळी पाडव्याला संपली. बापूच्या कामात मी हात घाटला तर त्याला काय वाटंल?"

"वेटोळ्याला काय वाटेल, हा माझा प्रश्न आहे."

"तुमी बदललाच न्हाईसा बगा," ते हसले, आणि आण्णांच्या छायाचित्राकडे वळले. डोळे खरेच पाणावले होते. मला त्याचा अधिकच राग आला.

तेथून बापूसाहेबांकडे, काचेच्या इमारतीत.

"फौंड्रीचं साल दसऱ्याला, वकीलसाहेब. आण्णा खंडेनवमीला हत्यारं पुजायचे, दसऱ्याला सोनं वाटायचे आणि नवी ओत धरायचे. पाडव्याला कोण ओत धरतं? दसऱ्यापर्यंत पाळी दादाची."

"ठीक. दसऱ्यानंतर तर तुमची? दोघांच्याही हिशेबाने?"

त्यांनी उत्तर तोलले. वकिलाशी बोलताना माणूस जसे तोलतो तसे. "व्हय. पण बिघाड मागच्या पाळीतला आहे. दादानं दुरुस्त करून ताबा द्यावा, मी घेतो. मोडकं देवघर कोण कुणाच्या हाती देतं का?"

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दसरा होऊन गेलेला असेल. परिस्थिती काय असेल हे मी आजच लिहून ठेवतो: दोघेही बंधू हार घेऊन येतील, थंड भट्टीची पूजा करतील आणि एकमेकांना सोने देतील. कायदा विचाराल, तर कंपनीत दोघांचे भाग सारखे, दोघेही संचालक. सही दोघांची लागते; एकाने नाव पुढे केले तर दुसरा ती नाकारणार नाही, पण नाव कोणी पुढे करीत नाही. आण्णांचा नियम होता, जे नडते ते आपले. मुलांचा आहे, जे नडते ते त्याचे. तेच लोखंड, तेच रक्त. एवढा फरक कुठून आला, हे मला अजून समजलेले नाही. सारे आयुष्य मी वाढ कशी होते हे जवळून पाहिले. वाढलेल्या गोष्टीला तिची सुरुवात परकी कशी वाटू लागते, याचे कुतूहल आता मला झोपू देत नाही. खंत असेल तर ही, की नवी कलमे लिहिण्यात मी इतका रमलो, की जुन्याची काळजी कोणी घ्यावी हे सांगणारे कलम कायद्यातच नाही, हे मला फार उशिरा दिसले.

गेल्या आठवड्यात उचगावला गेलो. शेडमध्ये मला अपेक्षित होती ती शांतता नव्हती. मोल्डर साचे घालीत होते. वाळू चाळली जात होती, ठोकली जात होती, कडा निगुतीने घासल्या जात होत्या. मी मगदूमांना विचारले, "भट्टी बंद असताना साचे कोणासाठी?"

"कुणासाठी न्हाय. सकाळी घालायचं, सांजंला मोडायचं."

"कशाला?"

"हात इसरतोय, वकीलसाहेब. लोखंडाचं काय, ते परत तापतंय. हात एकदा गार पडला की पडला." मग जरा खालच्या आवाजात, "गेल्या म्हयन्यात दोन पोरं दुसऱ्या फौंड्रीत गेली. मी अडवू कसा? ती इचारत्यात, मामा, मालक कोण आपला? मी दोन नावं सांगतो. ती म्हंत्यात, दोन न्हाय, एक सांगा."

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, साचा ठोक गप." ते हसले. मग हसू गेले. "पुढच्या पावसाळ्यापातूर हे असंच ऱ्हायलं, तर नवं वेटोळं घालूनबी उपेग न्हाय. पेटवाय माणसंच नसत्याली. मी एकटा काय करू? मी काय धा हाताची देवी हाय व्हय?"

शेजारचा एक मोल्डर मान वर न करता म्हणाला, "असतासा तर दोघांनीबी तुमचीबी आरती केली असती. काम न्हाईच."

सगळी शेड हसली. मीही हसलो आणि बाहेर आल्यावर मला स्वतःची लाज वाटली, कारण ते हसणे बेवारस माणसांचे होते.

म्हणून ही जाहीर मागणी. आबासाहेब, बापूसाहेब: उत्तर मला पोस्टाने नको, फोनवर नको, फराळाच्या डब्यातून तर मुळीच नको. कोल्हापुरातल्या कोणत्याही वर्तमानपत्रात, स्वतःच्या नावानिशी, एक वाक्य छापा: उचगावच्या फौंड्रीचा भोगवटादार मी आहे आणि वेटोळे बदलण्याचा हुकूम मी दिला आहे. ते नको असेल तर दुसरे वाक्य छापा: फौंड्री मला नको, मी माझा भाग भावाला सोडतो. दोन्ही वाक्ये कायद्याला चालतात, दोन्हींवर कारखाना पुन्हा उभा राहतो, आणि दोहोंपैकी कोणत्याही वाक्याने आण्णांचा अपमान होत नाही. पाळी कोणाची हे मी विचारीत नाही. तुम्हां दोघांपैकी कोण, एवढेच विचारतो आहे. मगदूमांची माणसे रोज सकाळी हजर असतात आणि वर्तमानपत्र शेडमध्ये मोठ्याने वाचले जाते. नाव छापा.